औटकी

लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच जाते.
चौथ्यावर नॉर्डिक भाषांचा विभाग:
एक खोली, सात खुर्च्या,
एक प्रोजेक्टर, ज्याला निळा रंग दिसत नाही.
खिडकीतून खाडी दिसते, बेलापूरची,
आणि नीट पाहिलं तर दिवाळ्याच्या धक्क्याला
आमची होडी.
आमची, हे मी वर्गात कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात तिरोडकर सरांनी
फळ्यावर दोन डॅनिश शब्द लिहिले:
एक ‘ती’, दुसरा ‘कुत्रा’.
उच्चार जवळजवळ एकच, फक्त
कुत्रा म्हणताना घशात जरासं अडायचं.
खारघरची ऋत्विजा तासभर चुकत राहिली,
तिच्या तोंडून प्रत्येक बाई भुंकत आली.
मला पहिल्या फटक्यात जमलं.
“कुठं शिकलीस?” सर म्हणाले.
भिंगाचा काटा
भाताच्या गोळ्याबरोबर खाली ढकलताना, सर.
पण हेही मी मनातच म्हटलं.

बुधवारी सिनेमा.
एक म्हातारा पाद्री बुटांकडे बघत बसतो, अकरा मिनिटं.
पत्र येतं. तो उघडत नाही.
बाहेर बर्फ पडतो, आमच्या प्रोजेक्टरवर तो पिवळा.
निबंधाचा विषय होता: न उघडलेल्या पत्रातील मौन.
आमच्या घरीही एक पत्र आहे,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचं, सही-शिक्क्यासकट,
बा ते रोज उघडतो.
मौन तरीही तेवढंच.
मला दहापैकी चार मिळाले.

मग आकडे आले
आणि तिघांनी विषय सोडला.
चाळीसपर्यंत सगळं सरळ.
पन्नास म्हणजे मात्र ‘अर्धं तिसरं’, वीस वेळा.
सत्तर म्हणजे ‘अर्धं चौथं’.
नव्वद, ‘अर्धं पाचवं’.
“शुद्ध वेडेपणा,” ऋत्विजाने वही मिटली.
मला मात्र ऐकू येत होती हिरूमावशी,
बाजारात सकाळी सहाला, ओल्या बोटांनी
गिऱ्हाइकाच्या पाटीत बोंबील मोजताना:
ईस, दोन ईस, अडीच ईस, ने आता.
अडीच! म्हणजे अर्धं तिसरंच की.
इतकी वर्षं तोंडात होतं, चावून पाहिलं नव्हतं.

घरी आले. बा जाळं विणत होता.
बा चौथी शिकलेला, पण पावकी, निमकी, औटकी
अजून झोपेतही म्हणेल.
“बा, वीस औट?”
“सत्तर,” बा म्हणाला, मान वर न करता.
त्या संध्याकाळी माझा बाप डॅनिश बोलला
आणि त्याला कळलंही नाही.
मी सांगितलं तेव्हा विचारलं एवढंच,
“त्यांचीपन जमीन घेतली का कोनी?”

त्याला वाटतं, अर्ध्यात मोजायची वेळ
ज्यांचं पुरं गेलं त्यांच्यावरच येते.
मी म्हटलं नाही रे, हे फार जुनं आहे, सगळ्याच्या आधीचं.
“असंल,” बा म्हणाला.
सुई फिरवत राहिला. मग:
“भरती किती येते तिकरं?”
मी वाचलेलं सांगितलं,
त्यांच्या आतल्या समुद्रात भरती जवळपास नाहीच,
फार तर एक वीत.
त्याचे हात थांबले.
“मंग होरी भायेर कोन कारतं?”

हे वाक्य मी गृहपाठात घालून नेलं, डॅनिशमध्ये.
सरांनी एक प्रत्यय दुरुस्त केला, लाल शाईने,
आणि पेन तसंच हातात धरून
खिडकीशी जाऊन उभे राहिले.
अकरा वर्षं राहून आलेत तिकडे, त्यांनाही सांगता येईना.
खाली ओहोटी लागली होती,
चिखल चकाकत होता, बगळे, प्लास्टिक,
आणि कलंडलेली एक होडी, अर्धी पाण्यात.
“ती,” मी बोट दाखवलं,
“ती आमची.”

आणि नेमकं ‘ती’ म्हणताना
घशात अडलं.