ताजं बुडतं

गंजात पाणी घ्यायचं, अंडं अलगद सोडायचं.
बुडालं तर ताजं.
उभं राहिलं तर आजच्या आज संपवायचं.
तरंगलं, की उकिरडा.
हे मला द्रुपदानं शिकवलं,
जिनं तोवर अंडं कधी तोंडाला लावलं नव्हतं.
हिशोब मात्र तिचाच :
डालग्याखाली किती, खुडूक कितीवर बसली,
बाजारात किती गेली, फुटली किती.

गळ्यात माळ तिच्या.
आमच्या घरात अंडं म्हणत नसत, खडू म्हणत.
'दोन खडू ठेवलेत,' ती सांगायची,
आणि न्हाणीमागं तीन दगडांवर
माझं जर्मनचं पातेलं चढायचं.
त्याच्या काठाला तिनं खिळ्यानं फुली मारलेली,
चुकून घरात येऊ नये म्हणून.

एकतीस वर्षं तेरच्या म्युझियमात पहारा केला मी.
काचेआड मणी, शंखाच्या बांगड्या, मातीचे दिवे,
परदेशी सुरईचा तुटका कान.
सहलीची पोरं सोनं विचारायची, भूत विचारायची.
एकदा कळंबकडची एक पोरगी,
काचेला नाक लावून :
'काका, ही माणसं जेवायची काय?'
मी आपलं सांगितलं, डाळी, धान्य.
'आन् अंडी?'

साहेबांच्या रजिस्टरात अंडं नव्हतं.
दोन रात्री पानं उलटली.
खापर टिकतं, हाड टिकतं,
मणी तर अजून नांगराला लागून वर येतात.
टरफल कोण सांभाळणार?
पण असेलच की कोणीतरी,
दूरच्या बंदरावरून बैलांमागं चालत आलेला,
भाषा येईना म्हणून
एका दारात उभा राहून मूठ वळून दाखवणारा : एवढं. गोल.
आणि आतल्या बाईनं
ओल्या मातीत लपेटून राखेत भाजून दिलं असेल,
सोलताना त्याची बोटं पोळली असतील,
दोघं हसली असतील.
याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

शेजारच्या ताहेराभाभी खागिना करायच्या.
त्यांचा आजा निजामाच्या अमदानीत
कुण्या जहागीरदाराकडं फक्त कांदे चिरायचा,
पण खागिना असा सांगायच्या, जसा स्वतः नवाबानं हातात ठेवलाय.
कांदा लालसर, मिरची, हळद, वरून अंडी,
आणि मी उलथनं उचललं की
'हात नक्को लगाव भाई, जमने देव.'
मला धीर नव्हता. माझी भुर्जीच व्हायची.

गेल्या थंडीत द्रुपदाचा खोकला हटेना.
लातूरचा डॉक्टर म्हणाला, रोज एक अंडं.
ती कॅलेंडरकडं बघत बसली.
घरी आल्यावर माळ काढून माझ्या हातात दिली,
'देवळीत ठेव.'
मी न्हाणीमागं निघालो, तर म्हणाली,
'त्या फुलीच्यात नको. माझ्या पातेल्यात कर.'

येसर लावून पातळ रस्सा केला,
उकळीत अंडं फोडून सोडलं,
आणि पहिल्यांदाच
हात लावला नाही. जमू दिलं.
भाकरी कुस्करून, खाली मान घालून, तिनं अर्धं खाल्लं.
मग : 'मीठ कमी हाय.'
मग बराच वेळ काही नाही.
मग : 'एवढ्यासाठी थंडीवाऱ्यात बाहेर बसत होतास व्हय रं?'

चाळीस दिवसांनी तिनं माळ परत घातली.
आता खात नाही.
हिशोब चालू आहे.
टरफलं चुरून ती कढीपत्त्याच्या बुडाशी दाबते,
आणि फुलीचं पातेलं बूड गेल्यावर
तिथंच मागं मातीत पुरलं आम्ही.

वर येईल कधीतरी. जुनं तेच तर वर येतं.
कोणी साहेब ब्रशनं माती झटकेल,
काठावर बोट फिरवेल,
आणि रजिस्टरात लिहील :
धातूचं भांडं, एक. काठावर फुली.
अर्थ लागत नाही.