बोटभर

कुप्या दोन, रेणू एकच.
माझ्याच हाताने, एकाच दुपारी उकळलेला.
पहिली कुपी घाईत बर्फात बुडवली,
विद्यापीठातून शेवटची बस सहाला सुटते म्हणून.
दुसरी खिडकीतच राहून गेली
शनिवार, रविवार,
सोलापूरच्या एप्रिलात हळूहळू आटत.

सोमवारी पडदा ओढला,
जांभळा दिवा धरला दोघींवर.
पहिली मख्ख.
दुसरी पेटली,
शेंगाचटणीवर तरंगणाऱ्या तेलासारखी तांबूस,
आणि हाताला गार.

गाईड म्हणाले, काहीतरी मिसळलं असेल, पुन्हा कर.
पुन्हा केलं. तीनदा.

क्ष-किरणांचा नकाशा पुण्याहून यायला बावीस दिवस.
तोवर मी निलम नगरात,
अम्माशेजारी बसून टॉवेलांच्या घड्या घालत.
ती काठावर काठ कधीच ठेवत नाही.
प्रत्येक घडी आधीच्या घडीपेक्षा
बोटभर पुढे.
कडा दिसतात मग, मोजता येतात,
दिवाणजीला गठ्ठा उसकटावा लागत नाही.
माझा गठ्ठा बघून म्हणाली,
"भिंत बांधलीस की गं.
यात किती आहेत, कोण सांगणार?"

नकाशा आला.
पहिल्या कुपीत रेणू बसलेले माझ्यासारखे,
पाठीला पोट, तंतोतंत.
उजेड आत शिरतो,
याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पलीकडे,
हात बदलत राहतो, दार सापडत नाही,
शेवटी नुसती ऊब होऊन विझतो.

दुसऱ्या कुपीत अम्मा.
जो तो जरासा सरकलेला,
एकाच्या डोक्यापाशी दुसऱ्याचे पाय,
आणि सगळे एका ठेक्यात,
शेडमधले चोवीस माग
एकाच पट्ट्यावर सुरू व्हावेत तसे.

प्रबंधात मी अंतर लिहिलं,
दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत.
बोटभर असं लिहिता येत नाही.

रात्री अम्माला सांगितलं सगळं.
तिने ऐकलं, विडीच्या पानासारखं उलटून पालटून.
"मग काय, रंग तोच,
रचलाय कसा त्यावर आहे."
थांबली. "हे शोधायला चार वर्षं?"

मग माझ्या भिंतीला
तिने तळहाताने एक तिरका रेटा दिला.
कडा उघडल्या, जिन्यासारख्या.
मोजते ती अजून तेलुगूतच.
"एनभै एनिमिदि," म्हणाली.
"बारा कमी आहेत. घाल."