चार सूत कमी

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, कामठी रोडला,
टिनाच्या शेडखाली दुपारचे पावणेतीन.
कूलरमधलं पाणी संपलंय, पंखा नुसताच
तापलेली हवा इकडून तिकडे लोटतोय.
एस्टीम रॅम्पवर. नव्व्याण्णवची. बाबांची.
आता माझी, म्हणजे कागदावर अजून त्यांचीच.

इश्तियाकनं जुना पाइप कापून खाली टाकला.
त्यातून मूठभर गंज सांडला
आणि कडुनिंबाचं एक वाळकं पान,
ते आत कसं गेलं कुणास ठाऊक.
"बघा ताई, दीड इंच. एवढ्यातून
श्वास घेऊन राह्यली होती बिचारी,"
म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

बाबा स्टुलावर. गळ्याला पांढरा रुमाल,
रुमालाखाली भोक.

बत्तीस वर्षं हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात.
बोनेट न उघडता सांगायचे, टॅपेट सैल आहे.
बत्तीस वर्षं गालात खर्रा,
पन्नीत घोटून घोटून ओला केलेला.
मग मेडिकलच्या वॉर्डात एका सकाळी
आवाज काढून ठेवला स्टीलच्या ट्रेमध्ये,
जाम झालेलं बेअरिंग काढावं तसा.

मला अडीच इंची हवा होता.
फुटाळ्यावर रात्री पोरं आणतात तसा,
छातीत वाजणारा. का, ते विचारू नका.
दिवसभर मी हळू आवाजात विमा विकते
आणि घरी येऊन हळू आवाजात जेवते.

त्यांनी वही ओढली, पेन्सिल दाबून लिहिलं:
चार सूत कमी.
"बाबा, आता सूत कोण मोजतं?"
तेराशेचं इंजिन आहे. भोक मोठं केलं
की खालचा दम जातो.
इश्तियाकनं वाचलं, नाक खाजवलं,
"काका बरोबर बोलून राह्यले."
बोलून, म्हणाला. कुणी दुरुस्त केलं नाही.

आमचं सूत तसंही कधी जुळलं नव्हतं.
चार सुतांवरून पंधरा मिनिटं भांडलो,
मी तोंडानं, ते पेन्सिलनं. टोक मोडलं.
पोऱ्यानं खुणेचा खडू दिला.
त्यांनी वाकून फरशीवर एक गोल काढला,
एका झटक्यात, बांगडी ठेवावी तसा.
इश्तियाकनं टेप लावला.
दोन इंच. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

मग कन्हानची वाळू चाळून पाइपात ठासली,
दोन्ही तोंडांना लाकडी बूच;
रिकामा वाकवला की कोपऱ्यात चेपतो.
गॅसची निळी जीभ फिरत राहिली
आणि लोखंडासारखं लोखंड
सांगितलेलं ऐकल्यासारखं वळलं.
जोडावर आर्गॉनचे टाके, निवता निवता
कबुतराच्या मानेचे रंग.

स्टार्टर मारला.
जाड, खालचा आवाज,
घसा खाकरून माणूस बोलायला बसावा तसा.
मी हसले. पोऱ्यानं शिट्टी मारली.
बाबा हसले नाहीत.

उठले. गळ्याचा रुमाल सोडला,
बादलीत बुचकळला, घडी केली
आणि मागे उकिडवं बसून
पाइपाच्या तोंडावर दाबून धरला.
इंजिन गुदमरलं. थरथरलं.
आम्हा तिघांना काही ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी झडप बसवली होती,
बोट ठेवलं की बोलता येईल, म्हणाले होते.
चार महिने त्यांनी बोट ठेवलं नव्हतं.

उजव्या हातात रुमाल तसाच,
डावा हात वर गेला, बोट भोकावर,
आणि कागद फाटावा तसा, पण त्यांचाच,
"दुसरा जोड."

इश्तियाक साबणाचं पाणी घेऊन खाली घुसला.
दुसऱ्या जोडाला, वरच्या अंगानं,
जिथे डोळा पोचत नाही,
मोहरीएवढा बुडबुडा फुगत होता.

टॉर्च पुन्हा पेटला.
बाबांनी रुमाल पिळून खांद्यावर टाकला,
रस्त्यापलीकडच्या टपरीला हात केला:
चहा, तीन.
मग पोऱ्याकडे बघून
चौथं बोट उघडलं.