आयतवारचा टोमॅटो

दाबून नको बघू, रेमेतबाई म्हणते.
तू दाबलास, मग हिने दाबला, मग त्या चष्मेवालीने,
संध्याकाळी मी घरी काय नेऊ, चटणी?

पहाटे वसईहून आलेली तिची टोपली
पार्ल्याच्या मंडईबाहेर, बँकेच्या बंद शटरला टेकून.
मी हात मागे घेते.
हे हात दिवसभर लोकांचे दात घडवतात
परळच्या लॅबमध्ये, गुलाबी मेणात एकेक रोवत.
दातांच्या सोळा छटा झोपेत सांगेन,
आणि इथे एका लालपुढे अडाणी.

वास घे. देठाशी.
घेते.
हिरवा, किंचित कडवट, पान चुरगळल्यासारखा,
बोटाला लागला की साबणालाही न जुमानणारा.
वास नाही तो नुसता रंगवलेला चेंडू, तिचं म्हणणं.
खांद्याशी पिवळट चालेल.
चिरून खपली धरलेला दिसला तर आधी उचल,
आणि उचललास की हाताला विचार:
दिसतो त्याहून जड लागला पाहिजे.

कधी खायचाय?

हे मला कुठल्याच ॲपने विचारलं नव्हतं.
रविवारी, मी सांगते. सासऱ्यांना.
तीन आठवडे मऊ भात, पेज, खिमट आणि कुरकुर.
नवी कवळी मीच केलीय, रविवारी बसवायची.
मामंजी म्हणालेत, पहिला घास टोमॅटोचा.
अख्खा. सुरी लावायची नाही.

रेमेतबाई टोपलीत कोपरापर्यंत जाते.
दोन आजचे, कोशिंबिरीला.
एक परवाचा, साराला.
आणि हा आयतवारचा,
अजून नारिंगी, स्वतःच्या पदराला पुसून.
फ्रिजमध्ये घातलास तर परत तोंड दाखवू नको.

दोन खोल्यांत टोमॅटोला जागा कुठली?
ओट्यावर गॅसची धग, खिडकीत कावळा.
शेवटी शिलाई मशीनच्या झाकणावर, वर्तमानपत्र पसरून,
देठाची बाजू खाली, एकमेकांना न टेकवता.
शुक्रवारपर्यंत बाकीचे संपले.
तो एकटाच राहिला, रोज थोडा अधिक लाल,
मशीन जणू त्याच्यासाठीच घेतलेलं.

रात्री पाणी प्यायला उठलेले मामंजी
मशीनपाशी थांबलेले मला दिसले.
हात पाठीमागे बांधलेले, नाक खाली.
त्यांना कोणी शिकवलं?

रविवारी चिमूटभर मीठ, जुनी बशी.
त्यांनी चावला.
रस मनगटावरून कोपराकडे, बनियनवर,
एक बी हनुवटीला चिकटून राहिली.
मी तोंडाकडे बघत होते, कारागिरासारखी,
वरची कवळी किंचित हलली तेही दिसलं.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, डावीकडे जरा उंच झालीय.

काढा, आत्ता घासून देते.

आत्ता नको,
भरल्या तोंडाने म्हणाले,
आणि बशी माझ्यापासून जराशी लांब सरकवली.