दीड बोटाची फट

जानेवारीत निफाडचा पारा चारवर उतरतो,
बागाईतदार रात्री वेलींमध्ये शेकोट्या लावतात,
आणि आडगावच्या आमच्या प्रयोगशाळेत
मी स्वेटरच्या बाहीत हात ओढून
बर्फावरची सिरिंज तपासते: दोन मिलिलिटर.

हे उलट्या स्वभावाचं आहे.
गारठ्यात पातळ, अंगाच्या उबेला घट्ट,
खरवसासारखं.
खेकड्याच्या कवचातून काढलेलं,
त्यात हाडाच्या जातीची थोडी भुकटी,
बाकी सगळं पाणी.
सुईतून जातं, फटीच्या आकाराचं होतं
आणि मग पेशी येतात राहायला,
कुणी न बोलावता,
नव्या कॉलनीत पहिली पिठाची गिरणी यावी तशा.

अवघड आहे ते जाणं.
अकरावी बॅच नऊ दिवसांत विरून गेली,
सशाच्या मांडीतलं भोक तसंच.
चौदावी गेलीच नाही.
हाड बिचारं तिला वळसा घालत राहिलं,
दारात बसलेल्या पाहुण्याला ओलांडावं तसं.
सतराव्या बॅचच्या वहीत निकुंभ मॅडमनी
एवढंच लिहिलं:
सावकाश. पण जा.

रामकुंडावर आईला घेऊन गेले होते,
लाल फडक्यात, मांडीवर धरून, रिक्षाने.
गुरुजी म्हणाले, साडेतीन तासांत पाणी होतं बघा,
आणि घड्याळाकडे पाहिलं,
मागे पुढचे लोक थांबले होते.
मी पायरीवर बसून राहिले.
खोटं कशाला सांगू,
रडू येण्याच्या आधी मला वाटलं
एक बाटली भरून न्यावी, या पाण्याचा पीएच काढावा.
तिच्या खुब्यात एक स्क्रू होता.
तो स्मशानातल्या माणसाने
राखेतून निवडून माझ्या हातावर ठेवला होता.
तो कुंडात टाकला नाही.
अजून माझ्याकडे आहे, बटणांच्या डबीत.

गांगुर्डे पेंटर.
कॉलेज रोडच्या एका इमारतीवरून, तिसऱ्या मजल्याहून.
नडगीत दीड बोटाची फट,
दोन ऑपरेशनं होऊन न भरलेली.
चाचणीच्या कागदावर सही करताना
आडनावातला रफार त्याने
पाटी रंगवल्यासारखा, दम धरून काढला.
सुई बाहेर आली तेव्हा म्हणाला, एवढंच?

चार महिन्यांनी एक्स-रे.
फटीत आधी धुकं होतं, आता साय,
आणि सायीत एक रेघ,
पेन्सिलीने कच्ची आखून ठेवल्यासारखी.
"मग तुमचं ते औषध कुठंय यात?"
गेलं.
"गेलं म्हणजे?"
पाणी झालं त्याचं, म्हटलं,
आणि माझी जीभ जरा अडखळली.

तो हसला.
"परांची सोडली म्हणा की."
मग बराच वेळ कुबडीच्या रबराला लागलेली माती
नखाने काढत राहिला.
"पण ताई, परांचीचे बांबू भिंतीत भोकं ठेवून जातात.
आम्ही वरून उतरताना एकेक बुजवत येतो.
तुमच्यात ती कोण बुजवतं?"

मी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली,
खाली हायवेवर कांद्याचे ट्रक लागले होते,
आणि त्या हाडात
भोकं शोधत राहिले.