बर्फ लोटणारी गाडी

रात्री दहाला येते तेव्हा अंधार,
सकाळी सातला निघते तेव्हाही.
इनारीत डिसेंबरभर सूर्य वर येत नाही.
म्हणून रात्र मोजायची ती कामांनी:
बाराला पोटातल्या नळीतून दूध, पंपावर, हळू,
एकला कूस बदलणं,
आणि मधे केव्हाही
गळ्यातल्या भोकाशी घरघर आली की
दहा मोजायच्या आत कफ ओढून घेणं.
त्या दहा आकड्यांत मीही श्वास घेत नाही.
कुणी शिकवलं नाही. होतं तसं.

इल्मो सहा वर्षांचा आहे.
आमच्या भाषेत इल्मा म्हणजे हवा.
नाव ठेवलं तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

त्याची आई, सेइया, पलीकडे झोपलीय
दार बोटभर उघडं ठेवून.
तिची झोपही मी माझ्याच ड्यूटीत धरते,
तक्त्यात तिला रकाना नाही, एवढंच.
एकदा कॉफी ओतता ओतता म्हणाली,
डॉक्टरनं कागदावर आमचं घराणं काढलं,
पुरुष चौकोन, बायका गोल,
आणि एक गोल अर्धा काळा केला.
"ती मी.
काळी बाजू डावी की उजवी,
तेवढं विचारायचं राहिलं."
मग म्हणाली, साखर नको ना तुला?
तीन वर्षं मी तिच्याकडे बिनसाखरेची पितेय.

पहाटे चारला रस्त्यावरून बर्फ लोटणारी गाडी जाते.
आधी खिडकीची काच थरथरते,
मग नारिंगी उजेड छतावरून सरकत जातो
आणि इल्मो हसतो.
आवाज नाही; तो नळीच्या खालीच राहतो.
फक्त उजव्या भुवईचं टोक,
आणि मॉनिटरवर नाडी शंभरावरून एकशे अठरा.
मी लिहिते: हसला.
वरिष्ठांनी एकदा ते खोडलं होतं.
मी पुन्हा लिहिलं.

काल बर्फ पडलाच नाही.
चार वाजले. सव्वाचार.
त्याची नजर छताला खिळलेली.
आज गाडी नाही, हे याला कोणत्या शब्दांत सांगू?
औषधाची तपकिरी बाटली घेतली,
तिच्यामागे टॉर्च धरला,
घशातून गुरगुरत
एक मळकट नारिंगी ठिपका
कपाटापासून खिडकीपर्यंत ओढत नेला.

तो छताकडे नाही, माझ्याकडे बघत होता.
भुवई जागच्या जागी.
नाडी शंभर.
फसला नाही पठ्ठ्या.

बाटली ठेवायला वळले, तशी खुर्चीच्या पायाला ठेचकाळले,
टॉर्च सुटला, घरंगळत पलंगाखाली गेला,
आणि पाठीमागे मॉनिटरचा ठेका बदलला.
एकशे चोवीस.

दाराच्या फटीत सेइया, अनवाणी.
"गाडी गेली?"
"गेली. झोप तू."

तक्त्यात लिहिलं:
चार वीस. हसला.
कारण: परिचारिका पडता पडता वाचली.
साडेचारला कूस बदलली.