सत्तेचाळीस

टॉडमॉर्डनला कालव्याकाठी ग्वेन क्रॉसलीचं तळघर.
पायऱ्या सात, सातवी हलते.
खाली एक स्पार्क. हॅलिफॅक्सच्या बंद पडलेल्या बँकेतून
चाळीस पौंडांना उचलून आणलेलं.
रोज रात्री आमची अख्खी सिस्टीम
पहिल्या ओळीपासून पुन्हा बांधतं.
त्याच्या पाठीवर मांजर झोपतं. ऊब फुकट, वीज नाही.

मी आलो होतो, आता बंद करा म्हणून सांगायला.
आकडे खिशात होते:
शंभरातले सत्त्याण्णव इंटेलवाले नि आर्मवाले,
दोनेक रिस्क-फाइव्हचे, ते पोर अंग धरतंय,
उरल्या चिमटीत पॉवरपीसी, मिप्स,
आणि तुमचं हे.
स्पार्कवर माणसं तीन. एक तुम्ही.
एक ओरेगॉनला, नातवंडांतून सवड मिळाली तर.
तिसरा मार्चपासून गप्प.

ग्वेनने कपात आधी दूध घातलं, मग चहा.
म्हणाली, रात्री बिल्ड अडकला, हे बघ.
कुणीतरी चार बाइटांत लांबी लिहिली: एक.
तुमची यंत्रं धाकट्या टोकाकडून वाचतात,
त्यांना एकच दिसला.
माझं वाचतं थोरल्याकडून.
त्याने मागितले एक कोटी सदुसष्ट लाख
सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा बाइट
आणि बसकण मारली.

ती ओळ कुणाची, तिने विचारलं नाही.
माझी होती.

काहीतरी बोलायचं म्हणून शाळेचं सांगितलं,
संगमनेरचं.
बाई म्हणायच्या सत्तेचाळीस,
मी सात लिहून मोकळा,
मग त्याच्या डावीकडे चार कोंबायचो.
बाई म्हणायच्या, आकडा आधी पुरता ऐक रे.

म्हणजे तूही धाकट्या टोकाचा, ग्वेन म्हणाली.
आणि शंभराच्या पुढे?

एकशे सत्तेचाळीस. मी बोटांवर मांडून पाहिलं.
आधी शंभर. मग सात. मग चाळीस.

तिने कप खाली ठेवला.
असलं एक यंत्र होतं, पीडीपी. मधूनच वाचायचं.
कधीच गेलं.
तुमच्याकडे किती जण वापरतात अजून?

आठ कोटी, मी म्हटलं.

बराच वेळ हसली.
मग सातव्या पायरीवर बसून
मी माझी ओळ दुरुस्त केली.

मतदान नोव्हेंबरात झालं. नऊ विरुद्ध चार.
माझं मत चारांतलं.
मांजर आता वर झोपतं म्हणे, स्वयंपाकघरात,
ओव्हन थंड होईपर्यंत.